आधी सांगायचं, मग हात

टेलरबाईंनी दवाखान्याचा गाऊन उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. पाठीला तीन नाड्या हव्यात, होती एक. तीही मानेपाशी. म्हणजे मान तेवढी झाकायची, बाकी सगळं हवेशीर. शिवण तर अशी, की शिवणाऱ्याच्या मागे कुत्रं लागलं असावं.

"घातला का?" पडद्यापलीकडून नर्सने विचारलं.

"हात कुठून घालायचे ते शोधतेय."

पोट दुखायला लागून सहा महिने झाले होते आणि तपासायला यायची ही तिसरी खेप. पहिल्यांदा टेबल बघूनच त्यांना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. दुसऱ्यांदा बाथरूमला म्हणून गेल्या, त्या बसस्टॉपवर सापडल्या. म्हणून आज धाकटी नणंद पहाऱ्याला होती. दाराबाहेर बसली होती; वहिनीची पर्स मांडीवर आणि वहिनीच्या चपला खुर्चीखाली, पायांच्या कैचीत.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, घाईत, नजर कागदावर. "पाय त्या कड्यांत. खाली सरका. अजून. अजून." टेलरबाई सरकत राहिल्या. आणखी थोडं सरकल्या असत्या तर टेबल संपून दवाखानाच संपला असता.

"आता अंग सैल सोडा."

काय सोडू, दात की मुठी? त्यांनी विचार केला. सैल सोडायला आपण काय इलास्टिकचा परकर आहोत?

तेवढ्यात मांडीला काहीतरी गारेगार लोखंडी लागलं. पुढचं टेलरबाईंनी केलं नाही, त्यांच्या पायांनी केलं. दोन्ही तळवे कड्यांतून सुटले आणि डॉक्टरीणबाईंच्या दोन खांद्यांवर बसले. डॉक्टरीणबाई चाकांच्या स्टुलावर होत्या, आणि चाकांना नुकतंच तेल घातलं होतं. स्टूल सूं करून मागे गेलं, पडद्यात घुसलं, पडद्याच्या दांडीवरच्या कड्या टपाटप तुटल्या, दोन गिरक्या झाल्या आणि नखशिखांत गुंडाळलेलं एक गाठोडं दाराशी जाऊन थांबलं.

आवाज ऐकून नणंद आत आली. बघते तर पडदा पांघरलेली एक बाई, दारात.

"वहिनी! पळतेस होय!" तिने गाठोड्याला घट्ट मिठी मारली. "आज तपासल्याशिवाय सोडत नाही! चल टेबलावर!"

"अहो, मी डॉक्टर..." गाठोड्यातून आवाज आला.

"हो, आणि मी इथली मालकीण! चल म्हणते ना!"

"अगं, मी इकडे आहे," टेबलावरून टेलरबाई म्हणाल्या.

नणंदेने टेबलाकडे पाहिलं. मग मिठीतल्या गाठोड्याकडे. गाठोड्यातून रबरी मोजा घातलेला एक हात बाहेर आला होता.

"मग या कोण?"

नर्स ट्रे तोंडासमोर धरून भिंतीकडे वळली. टेलरबाई इतक्या हसल्या की टेबल करकरलं. डॉक्टरीणबाई पडद्यातून बाहेर आल्या, केस सारखे केले, आणि रागवावं की कसं ते न ठरल्यामुळे सरळच विचारलं, "लाथ का मारलीत हो?"

"लागलं नाही ना? चुकलंच माझं. पण बाई, मी तीस वर्षं बायकांची मापं घेते. न सांगता कमरेला टेप लावली की भलीभली टुणकन उडते. म्हणून आधी सांगायचं, आता कमरेला हात लावते हं. थंडीच्या दिवसांत टेप आधी मुठीत धरायची. आणि ती थांब म्हणाली की थांबायचं. साध्या ब्लाउजसाठी एवढं करते मी. तुम्ही तर..." त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या लोखंडाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी ते लोखंड स्वतःच्या मनगटाला लावलं.

"आई गं!"

मग त्या बेसिनपाशी गेल्या आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

पडद्याचं काम नणंदेकडे आलं. टेबलाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून ती दांडीसारखी उभी राहिली.

"आता मांडीला हात लावते हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता हे आत घालते. कोमट आहे. दुखलं तर सांगा."

"थांबा!"

डॉक्टरीणबाई थांबल्या. श्वासही घेईनात.

"काही नाही. थांबताय का, ते बघितलं. चला."

पडदा हसायला लागला. तो पुन्हा सरळ उभा करण्यात थोडा वेळ गेला.

"झालं."

"काय झालं?"

"तपासून झालं. घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्या लिहून देते, महिनाभर घ्या."

"एवढंच? एवढ्यासाठी मी गॅसचं खोटं सांगितलं?"

"खोटं होतं ते?" पडदा म्हणाला. "मी शेजाऱ्यांना तुझं कुलूप तोडायला लावलं होतं!"

कपडे करून टेलरबाई निघाल्या, गाऊन काखेत मारून. "अहो, आमचा गाऊन!" नर्स ओरडली.

"मिळेल. नाड्या लावून."

बाहेर बाकावर सहा जणी गुडघे जुळवून बसल्या होत्या. आतला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. पहिली उठली, दारातून डोकावली आणि हळूच म्हणाली, "पडदा धरणाऱ्या बाई थांबतील का?"

नणंद आतच अडकली.

खुर्चीवर पर्स होती, खाली चपला होत्या. राखायला कुणीच नव्हतं. टेलरबाईंनी चपला पायात घातल्या, जिन्याकडे एकदा पाहिलं, आणि खुर्चीत बसल्या. पर्समधून सुईदोरा काढला, गाऊन मांडीवर घेतला आणि पहिली नाडी टाचायला लागल्या.

"आता हात लावते हं," आतून ऐकू आलं.

"थांबा!"

सगळं चिडीचूप. बाकावरच्या पाचही जणींनी माना वर केल्या.

मग आतून आधी एक जण हसली, मग दुसरी, आणि मग पडदा.