लायब्ररी सापडत नाही

लिनक्सवर ते फुकटातलं सॉफ्टवेअर कंपाइल करता करता तिच्या तोंडाला फेस आला. त्याला लागणारी लायब्ररी फाइल ढळढळीत समोर असून ‘कॉन्फिगर’ नावाचं तपासणीचं टूल आपलं ‘सापडत नाही’चं तुणतुणं वाजवत होतं, आणि नव्या नोकरीत काम दाखवायला उरले होते दोन तास. शेवटी तिने फोरमवर हात जोडले. ‘जुनं खोड’ नावाच्या कुणीतरी लगेच लिहिलं, "लायब्ररी आहे हो, तुम्ही पाथ जुना दिलाय. तेवढा बदला, कॅशे पुसा, पुन्हा चालवा."

झालं की! तिने आनंदाने लिहिलं, "देवासारखे धावून आलात. घरात सासरे आहेत, पण त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही."



आतल्या खोलीतून आवाज आला, "सूनबाई, ते शेवटचं वाक्य तेवढं पुसून टाक गं, तिथे माझी जरा इज्जत आहे!"