निर्व्यसनी

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा तरुण प्रचारक जोएल टाय बांधून नेर गावभर हिंडला, पण जमेला फक्त कुत्र्यांचं भुंकणं. मथुराबाईंनी मात्र त्याला नि सतत सोबत असणाऱ्या त्याच्या जोडीदार प्रचारकाला बसवून घेतलं, चहा पुढं केला.

"आमच्या धर्मात चहा चालत नाही, आजी."

"अन् दारू?"

"नाही."

"खर्रा?"

"तोही नाही."

मथुराबाईंचे डोळे भरून आले. "रविवारी या दोघंबी. साऱ्या घराले बसवतो."

रविवारी माणसांनी भरलेली बैठक पाहून जोएल हरखला. त्यानं ग्रंथ उघडला, तोच पदर सावरत मथुराबाईंच्या दोन्ही नाती पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या.

मथुराबाई सगळ्यांना सांगत होत्या, "हे पोरं एकमेकायले सोडून कुठीच जात नाहीत म्हणे. आपल्या पोरीबी एकाच घरी नांदतीन!"