सशाचं रडणं

“माणूस मुळात शिकारीच, बाकीचे धंदे नुसते पोटासाठी,” असं लायलने अमेरिकेतल्या साऱ्या मोंटानाला उद्देशून जाहीर केलं आणि तो निवडुंगावर बसला. विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्याला महिनाच झाला होता. शेजारच्या वर्नाबाईंची कोकरं दरवर्षी कोयोट, म्हणजे तिकडचे रानकोल्हे, पळवायचे, म्हणून त्याने नवी बंदूक घेतली होती, आणि कोयोटांना भुलवून जवळ बोलवायला मरणाऱ्या सशासारखी रडणारी एक शिट्टीही. शिट्टी त्याला फार छान जमली. तिसऱ्याच फुंकीला झुडपांतून एक तांबूस-करडं जनावर धावत आलं. लायलने ते एका गोळीत आडवं केलं.

जवळ जाऊन बघतो, तर जनावराच्या गळ्यात पट्टा.

कुत्रा उचलून तो वर्नाबाईंच्या दारात उभा राहिला. “तुमच्या मेंढ्या वाचवायला गेलो होतो हो मी.”

“तोही त्यासाठीच आला होता. कुणी रडलं की धावायचं, एवढंच शिकवलं होतं त्याला.”

बाईंनी पट्टा सोडवला आणि लायलच्या हातात ठेवला.

“मेंढ्या पुढच्या आठवड्यात व्यायच्या आहेत. ससा छान जमतो तुला, बाबा. आता जरा भुंकायला शीक.”