मध्ये बदलले

"बोट कोण चालवत होतं, काकू?"

पोलीस अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज खाली आणून. आईच्या अंगावर दवाखान्याचा हिरवा गाऊन, केस अजून ओले, पायात एकच चप्पल. शवागाराबाहेरच्या बाकावर ती बसली होती. दाराच्या आत तिचा थोरला होता.

समोरच्या बाकावर धाकटा. कपाळाला तीन टाके, कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा. रक्त तपासायला घेतलं होतं, पण खरं तर त्याचीही गरज नव्हती. बियरचा आंबूस वास चार हातांवरून येत होता.

दोघा भावांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. दारात कुणी उभं नाही ना, हे दोनदा बघितल्याशिवाय तो बटण दाबत नसे. धाकटा दिसला की तीच खबरदारी उपदेश होऊन त्याच्या जिभेवर यायची. एकदा त्याने धाकट्याच्या हातातला ग्लास पाहुण्यांसमोर बेसिनमध्ये ओतला. त्या दिवसापासून धाकट्याने घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

या रविवारी तळ्यावर जायचं आईनेच ठरवलं. दोघांना वेगवेगळं फोनवर गाठलं, "मी काही जन्माला पुरणार नाही" असं ऐकवलं आणि एका गाडीत बसवलं. वाटेत धाकटा म्हणाला, "दादा, सायकलवाले मागे टाकतायत रे आपल्याला." थोरला चक्क हसला. मागच्या सीटवर आईने सुनेचा, थोरल्याच्या बायकोचा, हात घट्ट दाबला होता.

अकरा वाजल्यापासून धाकट्याने बाटल्या उघडल्या. थोरला बघत होता, पण तोंड मिटून होता. दुपारी धाकट्याने भाड्याची मोटरबोट घेतली. सुनेला बोट लागायची, म्हणून ती काठावरच थांबली. थोरल्याने आईचं लाइफ जॅकेट स्वतः आवळून बांधलं. स्वतःचं बांधायच्या आत बोट भरधाव सुटली होती.

तळ्याच्या मध्यावर जुन्या पंपघराचा सिमेंटचा खांब पाण्याबाहेर आलेला आहे. बोट त्याला वळसा घालून गेली. दुसऱ्या वळशाला धडकली. थोरला बाहेर फेकला गेला. त्याला पोहता येत होतं. पण डोकं आधी खांबावर आपटलं होतं.

"नीट आठवून सांगा," अधिकारी म्हणाला. "दारू पिऊन बोट चालवली आणि माणूस गेला, तर चालवणारा आत जातो. दोन-चार महिन्यांसाठी नाही."

आईने बंद दाराकडे पाहिलं. मग समोरच्या बाकाकडे. धाकट्याचे गुडघे थडथडत होते. लहानपणी ताप चढला की असेच थडथडायचे.

"धाकटा प्यायला होता," ती म्हणाली. "म्हणून तर थोरल्याने चालवायला घेतली."

भिंतीला टेकून उभी असलेली सून दचकली. "पण आई, निघताना भाऊजी चालवत होते. मी काठावरून हात केला होता."

"मध्ये बदलले."

अधिकाऱ्याने धाकट्याकडे मान वळवली. "खरं का?"

क्षणभर आईला वाटलं, नाही म्हणेल हा. आणि त्याने म्हणावं असंही तिला वाटलं. इतकं वाटलं की ओठ हलले. धाकट्याने कोपरावरचा कापूस काढला, बोटांत चुरला आणि खाली बघत होकारार्थी मान हलवली.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. आईने सही केली. तो गेल्यावर धाकटाही उठला आणि पाणी पितो म्हणून लांबच्या टोकाला निघून गेला. परत आला नाही.

सून भिंतीवरून घसरत जमिनीवर बसली. इतका वेळ ती रडली नव्हती.

"आयुष्यात कधी बोट चालवली नव्हती हो त्यांनी," ती म्हणाली. "मला स्कूटर शिकवताना सुद्धा सोबत पळायचे. आणि आजच काय अंगात आलं? भाऊजी चालवतात म्हणून यांनाही चालवायची होती? त्या खांबापाशी कशाला न्यायची?"

आईने पायातली एकुलती चप्पल काढून बाकाखाली सरकवली.

"चिडायचं तरी कुणावर मी? घरी जाऊन पोरीला काय सांगू? तुझ्या बाबांनीच बोट नेऊन आपटली, असं सांगू?" तिने मूठ जमिनीवर आपटली. दोनदा, तीनदा. "एक जॅकेट बांधायला सुचलं नाही त्यांना. जगाला नियम सांगायचे. आमचा विचार नाही केला, आई. शेवटच्या घडीला नाही केला."

आत कुणीतरी ट्रॉली सरकवली. लोखंडी चाकांचा आवाज दाराशी येऊन थांबला. सुनेने तोंडावर हात दाबला. मग आईच्या गुडघ्यांना धरून ती वर बघत म्हणाली, "तुम्ही शेजारीच होतात ना! तुम्ही तरी अडवायचं त्यांना."

"अडवलं होतं गं," आई म्हणाली.

सुनेने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. "तुमचंसुद्धा ऐकलं नाही," ती हुंदके देत म्हणाली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

पहिल्या वळशानंतर थोरला धाकट्याच्या हातून स्टिअरिंग घ्यायला उठला होता, आणि आईनेच मनगटाला धरून त्याला बोटीच्या कडेवर परत बसवलं होतं, "राहू दे रे, आज कुठे दोघं बोलायला लागलात."