परतीची बोट

वामनरावांनी जेवणाच्या टेबलावर लक्षद्वीप मांडलं. भाजलेले शेंगदाणे म्हणजे बेटं आणि चमचा म्हणजे कोचीहून सुटणारी बोट.

"सकाळी कल्पेनी, दुपारी कवरत्ती. तिथे दहा मिनिटं चहापाणी, की लगेच मिनिकॉय," चमचा सरकवत ते म्हणाले. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये गेली होती. आता ते समुद्रालाही वेळापत्रक लावत होते.

शैलजाताईंनी कल्पेनी उचलून तोंडात टाकलं.

"अगं, ते बेट होतं."

"खारट होतं जरा," म्हणत त्यांनी कवरत्ती खाल्लं, मग मिनिकॉय. शेवटी टेबलावर एकच दाणा उरला.

"इथे उतरायचं आणि बसायचं. जन्मभर लोकांच्या गाड्या सोडल्यात तुम्ही. माझ्या शेजारी कधी बसलात एखाद्या गाडीत?"

वामनरावांनी चमचा त्या दाण्याला नेऊन लावला. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण परतीची बोट चुकली तर?"

शैलजाताईंनी ती बोट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्या बोटीनेच निवांतपणे चहातली साखर ढवळायला घेतली.