दोन बोटं काच

गाडी तीन लाख किलोमीटर धावली होती, पण सीटच्या चामड्याची शिवण कुठेही उसवली नव्हती. चालवून बघायला बसलेल्या शिंप्याला मोह आवरेना. बायकोला तो दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी अशीच आलिशान गाडी घेऊ." पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा बायकोच नव्हती.

मागे बसलेला मेकॅनिक मेहुणा म्हणाला, "भाऊजी, नाद सोडा. हा पांढरा हत्ती आहे. दुरुस्त करता करता नाकीनऊ येतील."

तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या सीटची काच दोन बोटं खाली सरकली.

शिंप्याने बटण दाबून ती वर घेतली. वळणावर ती पुन्हा उतरली, बरोब्बर दोन बोटं.

"वायरिंग जुनं झालंय," मेहुणा म्हणाला, पण त्याची नजर त्या फटीवर खिळली. गाडी लागायची म्हणून त्याची ताई शिंप्याच्या जुन्या छोट्या गाडीत एवढीच काच उघडी ठेवायची. "एसी वाया जातोय," असं खेकसून शिंपी दरवेळी ती बंद करायचा. मग ती तोंडाला रुमाल लावून मुकाट बसायची.

या खेपेला शिंप्याने बटणाला हात लावला नाही.

परत आल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली विक्रेत्याच्या हातात ठेवली. "नको. आपल्याला नाही झेपायची," एवढंच बोलून तो मान खाली घालून चालू लागला.

पाठीमागे काच कुरकुरली. शिंपी वळला. बंद गाडीची ती काच आता हळूहळू सगळीच खाली उतरत होती, पुढे निघून गेलेल्या माणसाला हाक मारायला उतरवतात तशी.