फक्त माझा हात

वडिलांच्या १९४८च्या मोटरसायकलचं इंजिन उघडताना जोलीनच्या हातून एक नट निसटला आणि थेट आतच पडला.

“या इंजिनाला आजवर फक्त माझा हात लागलाय, आणि कधी काही पडलं नाही,” बॅटरीचा झोत धरून म्हातारा वर्न फणकारला. “नट निघाला नाही, तर गाडी तुझ्या भावाला. रॉयसचा हात तरी स्थिर आहे.”

“बाबा, बॅटरी हलवू नका!”

श्वास रोखून तिने तारेला बांधलेलं लोहचुंबक आत सोडलं. तीनदा ते रिकामंच आलं. चौथ्यांदा मात्र त्याला दोन नट चिकटून आले. एक चकचकीत, दुसरा जुन्या तेलाने काळाकुट्ट.


वर्नने बॅटरी बंद केली. “गाडी तुझी, पोरी. रॉयसला यातलं काही बोलू नकोस.”